उत्सवाची रोषणाई : माळांची निगा आणि दुरुस्ती

(कोलकात्यातील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर सुंदर विवेचन झालं. उद्या डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलणार आहेत. या दोन भारदस्त विषयांच्या मध्ये दिव्यांच्या माळा हा विषय कोणी ठेवला, असं काहींच्या मनात आलं असेल. विषय मीच सुचवला. हुगळीकाठच्या एका जूट मिलच्या विद्युत विभागात मी ३२ वर्षं काढली आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी आपल्या मांडवाच्या शिडीवर काढली. त्यामुळे ज्ञानेश्वरीवर मी बोलू नये आणि माळांवर मी गप्प बसू नये, हे बरं.

थोडा इतिहास सांगतो, फार नाही. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे लावले. उत्सवी माळेची सुरुवात तिथपासून मानतात. आपल्या या शहरात विजेचा दिवा प्रथम दाखवला गेला तो त्याच्याही आधी, २४ जुलै १८७९ रोजी. पण गिऱ्हाइकाला नियमित वीज मिळायला १७ एप्रिल १८९९ उजाडावा लागला. लोकमान्यांचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा. म्हणजे कोलकात्याच्या विजेपेक्षा आपला उत्सव सहा वर्षांनी वडील आहे. तेव्हा वडिलकीच्या नात्याने त्याने विजेला थोडी शिस्त लावायला हरकत नाही.

रोषणाईच्या बाबतीत आपण बंगालमध्ये राहतो हे भाग्यच म्हणायचं. इथून तासाभराच्या लोकल प्रवासावर चंदननगर आहे. तिथल्या जगद्धात्री पूजेची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावी. ट्रकवर उभारलेल्या चौकटींमध्ये दिव्यांचे मोर नाचतात, गाड्या धावतात. या कलेचे जनक म्हणून श्रीधर दास यांचं नाव घेतलं जातं. एलईडी येण्यापूर्वी हे सारं काम छोट्या काचेच्या बल्बवर चालायचं. बंगालीत त्याला ‘टुनी’ म्हणतात आणि आपल्या घरातली मुलंही आता टुनीच म्हणतात. दिवे पळताना दिसावेत म्हणून लाकडी रोलरवर तांब्याच्या पट्ट्या बसवायच्या, मोटरने रोलर फिरवायचा, पट्टी ज्या तारेला टेकेल ती माळ पेटायची. आत संगणक वगैरे काही नाही! तिथले कारागीर काम करताना मी पाहिले आहेत. आमच्यासारखे लोक माळ वर चढवून मग ती पेटते का ते पाहतात. ते लोक प्रत्येक दिवा जमिनीवर पेटवून बघतात आणि मगच चौकटीला बांधतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आज तुम्ही माझं बाकी सगळं भाषण विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट घरी घेऊन जा. विझलेली माळ ही वीज नसलेली माळ नव्हे. पुष्कळदा ती पेटलेल्या माळेपेक्षा जास्त धोक्याची असते.

असं का, ते सांगतो. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. टुनी बल्ब असतो साधारण ६.२ व्होल्टचा. तो थेट लावला तर क्षणात उडेल. म्हणून असे ३७ बल्ब एकापुढे एक, रांगेत जोडायचे. ३७ गुणिले ६.२ म्हणजे जवळपास २३०. म्हणूनच आपल्याकडे या माळेला ‘सिरीज’ असं नाव पडलं. ३७ पायऱ्यांचा जिना आहे असं समजा. फेजच्या टोकाला तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असता. प्रत्येक बल्बगणिक एक पायरी खाली. न्यूट्रलच्या टोकाला पोहोचलात की जमीन. माळ पेटलेली असताना शेवटच्या एक-दोन बल्बांजवळ जेमतेम दहा-बारा व्होल्ट असतात.

आता त्यातला शेवटचा बल्ब उडाला. माळ विझली, वीज वाहायची थांबली. वीज वाहत नाही म्हणजे पायऱ्याही उतरल्या जात नाहीत. फेजपासून त्या उडालेल्या बल्बपर्यंतची सगळी माळ, सगळेच्या सगळे होल्डर, पूर्ण २३० व्होल्टवर जाऊन बसतात. मघाशी जिथे बारा व्होल्ट होते तिथे आता २३०. दिसायला मात्र माळ थंड, काळी, निरुपद्रवी. माणूस काय करतो? ‘मेली वाटतं’ म्हणतो आणि हाताने चाचपायला लागतो. पावसात भिजलेल्या जमिनीवर, अनवाणी.

त्यात आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचं तर. या माळांना दोन पिनांचा प्लग असतो. तो सुलटा घातला काय, उलटा घातला काय, माळ पेटतेच. पण बोर्डाचं वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसलेलं असेल, आणि मांडवातल्या तात्पुरत्या बोर्डांत असं खूपदा होतं, तर बटण बंद केल्यावर दिवे विझतात पण संपूर्ण माळ फेजला जोडलेलीच राहते. म्हणून माळेला हात लावण्यापूर्वी बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग उपसून बाहेर काढा आणि तो स्वतःच्या खिशात किंवा निदान नजरेसमोर ठेवा. नाहीतर तुम्ही शिडीवर असता आणि खालून कोणीतरी उत्साही कार्यकर्ता ‘अरे, हे कोणी काढलं?’ म्हणून परत लावतो.

‘आता सगळं एलईडी झालं, त्याला वीज ती केवढी लागते, शॉक कसला बसतोय?’ असं मला मंडळातल्याच सुशिक्षित लोकांनी ऐकवलं आहे. एलईडी वीज कमी खाते हे खरं. पण बाजारातल्या बहुतेक स्वस्त माळांच्या त्या छोट्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची दिशा सरळ करणारे डायोड आणि उघडझाप करणारं सर्किट, बस. दिवे थेट मेनला जोडलेले असतात. लाल-पिवळ्या एलईडीला सुमारे दोन व्होल्ट, पांढऱ्या-निळ्याला सुमारे तीन. तेही असेच रांगेत ओवलेले. मघाचा जिना इथेही तसाच आहे, फक्त पायऱ्या जास्त. अपवाद अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या २४ व्होल्टच्या माळांचा. त्या महाग पडतात. पण माझं स्पष्ट मत आहे की मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, म्हणजे कठड्यावर, कमानीच्या पायथ्याशी, रांगोळीभोवती, याच माळा लावाव्यात. अ‍ॅडॅप्टर मात्र छपराखाली, कोरड्या जागी हवा.

काही वर्षांपूर्वीची इथलीच गोष्ट सांगतो. दुपारी पाऊस पडून गेला होता, आरतीची तयारी चालली होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘आजोबा, त्या दांडीला हात लावला की मुंग्या येतात.’ दांडी म्हणजे रांगेसाठी लावलेला लोखंडी कठडा. तिच्यामागे चार मुलं होती आणि त्यांनी त्याचा खेळच केला होता, कोण जास्त वेळ धरून ठेवतं याचा. मी धावत जाऊन मेन बंद केलं. मग शोधलं. माळ बांबूला बांधताना मिस्त्रीने बाइंडिंगची लोखंडी तार वापरली होती. तार घट्ट पिळली की वायरच्या पातळ प्लास्टिकमध्ये रुतते. ती आत तांब्याला टेकली होती आणि तिचं दुसरं टोक कठड्याला. मुलांच्या पायात रबरी चपला होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं. त्या दिवशी आरती अर्धा तास उशिरा झाली. काहींनी नाराजी व्यक्त केली, ती मी ऐकून घेतली.

तेव्हापासून माझा आग्रह आहे की माळ सुतळीने बांधा, नायलॉनच्या पट्टीने बांधा, जुन्या साडीच्या चिंधीने बांधली तरी चालेल, पण लोखंडी तार नको आणि खिळा तर नकोच. आणि ‘बांबू लाकडाचा, त्यातून वीज जात नाही’ हेही भाद्रपदात खरं मानू नका. ओला बांबू वीज नेतो.

बोर्डावर एमसीबी आहे ना, मग काळजी कसली, असं विचारलं जातं. एमसीबी वायरचं रक्षण करतो, माणसाचं नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरच्या वर वीज गेली तर पडणार. माणसाच्या जिवाला धोका व्हायला त्याच्या दोनशेव्या हिस्स्याएवढी, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या पुढची वीजही पुरते. एमसीबीला ती दिसतच नाही. ती दिसते आरसीसीबीला. आपले मिस्त्री त्यालाच ईएलसीबी म्हणतात. हे उपकरण आपल्या खजिनदारांसारखं आहे. फेजमधून किती गेले आणि न्यूट्रलमधून किती परत आले, याचा हिशेब ते सतत ताडून पाहतं. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे ही वीज कोणाच्या तरी शरीरातून किंवा ओल्या कठड्यातून जमिनीत चालली आहे, की क्षणाच्या अंशात ते सगळं बंद करतं. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरले तर मात्र त्याला ते कळेलच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर चालू माळेशी खेळू नये. त्यावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं बटण असतं. उत्सवात रोज संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी ते दाबून बघा. पडलं तर ते जिवंत आहे. लोखंडी कमान आणि कठडे अर्थिंगला जोडलेले असतील तर दोष निर्माण होताच ते पडतं, कोणी हात लावण्याची वाट पाहत नाही.

पण खरी अडचण पुढे येते. पाऊस आला की ईएलसीबी सारखं पडायला लागतं. ऐन आरतीत अंधार होतो, पाहुणे आलेले असतात, अध्यक्ष घड्याळ बघतात. मग कोणीतरी मिस्त्रीला सांगतं, ‘दादा, ते काढून डायरेक्ट करून टाक.’ मिस्त्री बिचारा करून टाकतो. मंडळी, ते सारखं पडतं याचा अर्थ ते बिघडलं असा बहुधा नसतो. कुठेतरी वीज गळते आहे, हे ते तुम्हाला ओरडून सांगत असतं. अशा वेळी सगळ्या माळांचे प्लग काढा आणि एकेक लावत जा. जी लावल्यावर ते पडतं ती माळ उतरवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि मुळातच कमान, मांडव आणि रस्त्याकडची रोषणाई यांना वेगवेगळी तीन ईएलसीबी लावली, ध्वनिक्षेपकाची लाइन निराळी ठेवली, तर एक भाग बंद पडला तरी आरती थांबत नाही. जनरेटर भाड्याने आणलात तर त्याचा न्यूट्रल अर्थ केला आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्या. नसेल तर ईएलसीबी नुसतं शोभेला राहतं.

हे तीन नग घ्यायचा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे दोन वेळा ठेवला होता. दोन्ही वेळा तो वाद्यवृंदाच्या खर्चामागे गेला. वाद्यवृंद उत्तम झाला, याबद्दल वाद नाही.

आता दुरुस्ती. पुष्कळांना वाटतं विझलेली माळ फेकायचीच असते. एझरा स्ट्रीटवर नवी मिळते ना स्वस्तात! पण जुनी, जाड वायरची माळ दुरुस्त केलेली कधीही बरी. मघाचा जिना इथे कामाला येतो. प्लग काढा, माळ टेबलावर पसरा, मल्टिमीटर घ्या. माळ मधोमध दुभागा. बल्ब विसाव्याजवळचा काढून होल्डरच्या संपर्कापासून एका टोकापर्यंत वाट जुळते का पाहा. ज्या अर्ध्यात जुळत नाही तो अर्धा पुन्हा दुभागा. ३७ बल्बांत सहाव्या तपासणीला दोष हाती लागतो. एकेक बल्ब काढून घालत बसायची गरज नाही. हे टुनीच्या माळेचं झालं. एलईडीतून मीटर असं सहजी बोलत नाही, तिथे डोळ्यांनी बघावं लागतं. बहुतेक वेळा एलईडी उडालेला नसतो, त्याचा पाय गंजून तुटलेला असतो, कारण ते पाय बव्हंशी लोखंडाचेच असतात, वरून कल्हई. बुडाशी तांबूस डाग दिसला की तिथेच शोधा. नवा एलईडी त्याच रंगाचा घाला आणि लांब पाय कुठे होता ते आधी पाहून ठेवा. उलटा लावला तर पेटत नाही. चार धाग्यांच्या माळेत एकच धागा विझला असेल तर दोष त्या धाग्यात. चारही विझले असतील तर प्लग किंवा डबी. डबीत पाणी शिरलेलं असतं. दहापैकी सात वेळा, असं मी माझ्या अनुभवाने म्हणेन.

मिस्त्री लोकांची एक सवय मात्र मोडायला हवी. बल्ब उडाला की ते तो छाटून दोन वायरी एकमेकींना पिळतात. माळ पेटते, सगळे खूश. ३७ चे ३५ झाले की प्रत्येक बल्बला ६.२ ऐवजी साडेसहाच्या वर व्होल्ट मिळतात. व्होल्टेज शेकडा पाचने वाढलं तर अशा बल्बचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मग एकामागून एक बल्ब उडतात, आणखी छाटले जातात, उरलेले आणखी प्रखर होतात. अशी माळ शेवटी शेवटी फार सुंदर दिसते, आणि संपते. उडालेल्या जागी तेवढ्याच व्होल्टचा नवा बल्ब घालणं हाच इलाज. नसेल तर जुनाच बल्ब तिथे राहू द्या, होल्डर रिकामा ठेवू नका. रिकाम्या होल्डरमध्ये मुलाचं बोट सहज जातं आणि माळ लावलेली असेल तर तिथे पूर्ण २३० व्होल्ट वाट पाहत असतात.

जोड देताना दोन वायरींचे जोड समोरासमोर येऊ देऊ नका, चार बोटं मागेपुढे ठेवा. जमलं तर डाग द्या आणि वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. नुसती काळी टेप इथल्या दमट हवेत चार दिवसांत सुटते, हाताला चिकटते आणि पाणी आत घेते. माळेचा प्लग जिथे बोर्डात जातो तिथे वायर सरळ आत घेऊ नये. आधी खाली झोका द्यावा आणि मग वर घ्यावी. वायरवरून येणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं, बोर्डात जात नाही. फुकटचा उपाय आहे आणि शंभरातल्या नव्वद मांडवांत तो केलेला नसतो. बाहेरची नवी माळ घेताना खोक्यावर आयपी ४४ किंवा आयपी ६५ असं छापलेलं शोधा. पहिली शिंतोड्यांना टिकते, दुसरी पाण्याच्या फवाऱ्याला.

जुन्या रंगीत ‘झिरो’च्या बल्बांबद्दल एवढंच की तो शून्य वॅटचा नसतो, सहसा १५ वॅटचा असतो. असे २०० लावले की ३००० वॅट, म्हणजे १३ अँपिअर झाले. बारीक वायरवर हा भार टाकायचा नाही. आणि खांबावर आकडा टाकायची तर सूचनाही मला ऐकवू नका. तात्पुरती जोडणी रीतसर अर्ज करून मिळते.

दुर्दैवाने कोणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर प्लास्टिकच्या कोरड्या खुर्चीने त्याला दूर ढकला, आजूबाजूचा भिजलेला बांबू उचलू नका. श्वास चालत नसेल तर ११२ ला फोन लावायला सांगून छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायला लगेच सुरुवात करा. उद्याच्या भाषणानंतर डॉक्टरसाहेबांनी हे पाच मिनिटं करून दाखवायचं कबूल केलं आहे. तरुण मंडळींनी तेवढ्यासाठी तरी थांबावं.

शेवटी साठवण. विसर्जन झालं की आपला उत्साहही विसर्जित होतो. माळा ओरबाडून काढायच्या, गोळा करून प्लास्टिकच्या पोत्यात कोंबायच्या आणि जिन्याखाली टाकायच्या, ही आपली परंपरा. ओल्या माळा वर्षभर पिशवीत कोंडल्या की होल्डरच्या आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. शिवाय बाप्पाच्या वाहनाला वायरचं प्लास्टिक फार प्रिय. आपण त्याला मोदक देतो आणि तो आपल्या वायरी खातो, तक्रार कोणाकडे करणार? म्हणून माळा उन्हात वाळवायच्या, प्रत्येक माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळायची, त्यावर ‘कमान’, ‘मांडव डावा’, ‘बल्ब ३७’ असं लिहायचं आणि झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या.

यंदा ते आपण सगळ्यांनी मिळून करू. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता, गच्चीवर. मल्टिमीटर, डागणी आणि बल्बांची डबी मी आणतो. कार्यवाहांनी चहा-पोह्यांचं कबूल केलं आहे. ज्यांच्या घरी बंद पडलेल्या माळा असतील त्यांनी त्याही घेऊन याव्यात, पुढे दिवाळी आहे. मुलांना जरूर आणा, दुभागून दोष शोधायचं काम ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात. पुठ्ठे मात्र घरून आणा, इथे नाहीत.